रशिया जुना दोस्त, अमेरिका मोठं गिऱ्हाईक: असे देश निभावतात कसं?

कपाशीवाला_राळेगाव
७ डिसेंबर २०२५

राम राम मंडळी. आमच्या अभ्यासिकेत दोन-तीन दिवसांपासून एकच वाद चालू आहे. ४ आणि ५ डिसेंबरला पुतिन दिल्लीत येऊन गेले, विमानतळावर गळाभेट झाली, आणि इकडे एमपीएससी करणारे आम्ही पोट्टे दोन गटांत फुटलो. एक गट म्हणतो, १९७१ पासून पाठीशी उभा राहिलेला रशियाच खरा. दुसरा म्हणतो, त्याचंच तेल आपण घेतो म्हणून अमेरिकेनं २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर आणखी २५ टक्के टॅरिफ, म्हणजे आयातशुल्क, ठोकलं, एकूण ५० झालं, तिरुपूरच्या कपडेवाल्यांच्या ऑर्डरी अडकल्या, मग अशी दोस्ती काय चाटायची?

मला दोन्हीकडचं पटत नाही, कारण माझा प्रश्न कोण खरा अन् कोण खोटा हा नाहीच. जगाची घडी विस्कटते तेव्हा जुने दोस्त-देश नेमकं करतात काय? तोडत तर नाहीत. युरोपवाले रोज अमेरिकेच्या नावानं बोटं मोडतात, पण नाटो या अमेरिकेसोबतच्या लष्करी युतीतून उठून कोणी गेलं नाही. जपान १९५१ पासून अमेरिकेच्या छत्रीखाली आहे. पण सगळं पहिल्यासारखंच आहे असंही म्हणवत नाही. मग बदल होतो कुठं? आमच्या नोट्समध्ये ‘व्यूहात्मक स्वायत्तता’ असं लिहिलंय. मुख्य परीक्षेत लिहायला बरं आहे, त्यातून दिसत मात्र काही नाही.

बाबांना विचारलं तं ते म्हणाले, ‘अडत्यासारखंच असते. आजापासून माल एकाच अडत्याकडं जाते. त्यानं भाव पाडला म्हणून कोणी एकदम तोडत नाही, पुढच्या खेपेला अर्धा माल गुपचूप दुसऱ्याकडं उतरवते.’

अजून एक. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, खासगीत त्याच्या खालीच मागतात. आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टला काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. याचा त्या टॅरिफशी संबंध आहे एवढं कळतं. पण वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या भांडणाची तार आमच्या माजघरातल्या कापसाच्या ढिगापर्यंत कशी येते, हे कोणी उलगडून सांगेल का?

तिखट_मूर्तिजापूर

मित्र-गित्र काही नसते हो. ज्याच्या हाती पैसा त्याच्या मांगं जग. एवढा अभ्यास कायले करता? ट्रम्पभाऊ गेले की टॅरिफ बी जाईन.

धानवाला_आमगाव

पोरा, प्रश्न कामाचा आहे. मूर्तिजापूरवाल्या भाऊंचं उत्तर पानठेल्यावर चालते, पण त्यानं तुझं समाधान होणार नाही. तुझ्या बाबांचं अडत्याचं उदाहरण बरोबर बसलं, फक्त त्यात अडत्याकडची उचल राहिली. तिच्याकडं येतोच.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात स्टोअरला होतो. आमगाव, सालेकसा, गोंदिया इकडची किती घरं त्या कारखान्यानं उभी केली हे इकडच्यांनाच ठाऊक. हावडा लाइनीवर गाडीत बसायचं, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, की आलीच भिलाई. (तेव्हा आमचा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा झाला १९९९ ला.) २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन. मी लागलो तेव्हा ४० लाख टनांच्या विस्ताराचं काम चालू होतं. रशियन साहेब लोक बायकापोरं घेऊन तिथंच राहत. भाजी घेताना बोटांनी हिशेब करत. मैत्रीबाग नावाचा प्राणीबाग आहे ना भिलाईला, तो याच दोस्तीच्या नावाचा.

आता दोस्ती कुठं असते ते सांगतो. आमच्यासाठी ती रॅकवर असायची. एक साधं बेअरिंग घे. खोक्यावर रशियन अक्षरं, मेणकागदात गुंडाळलेलं, ग्रीस थापलेलं, त्याला गोस्टचा नंबर, म्हणजे त्यांच्या मानकाचा. बिन कार्डावर, म्हणजे रॅकवरच्या मालाच्या नोंदीच्या कार्डावर, आम्ही तोच नंबर उतरवायचो. क्रेनचं ड्रॉइंग रशियन, मापं रशियन, गिअरचे दातेही त्यांच्याच हिशेबाचे. त्या जागी जर्मन बेअरिंग बसवायचं तर कधी बसते, कधी हाउसिंगच, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते ते घर, बदलावं लागते, आणि हाउसिंग बदललं की शाफ्टाचं माप चुकते. दिल्लीत एखादा करार एका सहीनं रद्द करता येईल. क्रेनमधलं बेअरिंग तसं रद्द होत नाही बाप्पा. ते झिजून जाईपर्यंत तू त्या दोस्ताला बांधलेला असतोस, आवडो न आवडो.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच राहिला नाही. आमच्यापुढं पेच असा, की इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, पाठवायचं कोणाला? ज्या खात्याच्या नावानं कागद जायचे ते खातं नाही, खातं सोड, देश नाही. काही कारखाने रशियात राहिले, काही युक्रेनमध्ये गेले. उत्तर आलं तर भाव डॉलरमध्ये. आधी सगळा व्यवहार रुपयांत चाले, आपण चहा-कपडा पाठवायचा, त्यांनी यंत्रं. आणि डॉलर दिल्लीकडं तरी कुठं होते त्या वर्षी? देशाचं सोनं विमानात घालून परदेशी गहाण टाकलं होतं.

मग झालं काय, तर कोणी निषेध केला नाही की भाषण ठोकलं नाही. जुनी ड्रॉइंगं काढली, ट्रेसिंग केलं, भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपवाल्यांना नमुना दाखवला आणि म्हटलं, बनवा. पहिले काही नग लवकर घासले गेले, शिव्या खाल्ल्या, मग जमलं. ध्यानात घे, मापं रशियनच ठेवली. दोस्ताला घराबाहेर काढलं नाही, फक्त त्याच्यावाचून फर्नेस थंड पडणार नाही एवढी तजवीज केली. तू विचारलेला बदल होतो तो असा, आणि पेपरात त्याची बातमी येत नाही.

आता उचल. सोव्हिएत काळात आपण शस्त्रं आणि यंत्रं उधारीवर घेतली होती. रुबल कोसळला तेव्हा ते कर्ज मोजायचं कोणत्या दरानं यावर भांडण लागलं. जुन्या दरानं धरलं तर आपण बुडतो, बाजाराच्या दरानं धरलं तर ते. जानेवारी १९९३ ला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा तोडगा निघाला. मोठा हिस्सा १२ वर्षांत फेडायचा, उरलेला ४५ वर्षांत बिनव्याजी, आणि फेड रुपयांत, त्यातून रशियानं आपला माल उचलायचा. अडत्या दिवाळखोरीत निघाला तरी वही कोणी फाडली नाही, कारण दोघांनाही पुढचा हंगाम करायचाच होता.

त्याच भेटीत मैत्रीचा नवा करार झाला. ९ ऑगस्ट १९७१ च्या जुन्या करारात ९ वं कलम होतं, की एकावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका दिसला तर दोघांनी लगेच सल्लामसलत करून धोका टाळण्याचे उपाय करायचे. त्याच कलमाच्या भरवशावर आपण त्या डिसेंबरात लढलो. १९९३ च्या करारात मैत्री शिल्लक, ते कलम गायब. दोघांपैकी कोणीही ‘दगा, दगा’ म्हणून ओरडलं नाही.

आणि ज्यांना वाटते रशियानं कधी पाठ दाखवली नाही, त्यांनी क्रायोजेनिक इंजिनचं, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेटच्या इंजिनाचं, प्रकरण वाचावं. १९९१ ला इस्रोचा करार झाला, इंजिनं आणि बनवायचं तंत्र दोन्ही देतो म्हणाले. अमेरिकेनं दाबलं आणि १९९३ ला तंत्र द्यायला नकार आला. तयार इंजिनं तेवढी दिली, सात. आपण ती उडवत बसलो आणि बाजूला स्वतःचं बनवत राहिलो. आपलं क्रायोजेनिक इंजिन लावलेलं जीएसएलव्ही रॉकेट नीट उडालं ते ५ जानेवारी २०१४ ला. मधल्या २० वर्षांत रशियाशी बोलणं एक दिवस बंद पडलं नाही.

धान चुरून अंगणात पडले आहेत, आता थांबतो. बाकी रात्री.

मास्तरीण_हिंगणघाट

काकांनी स्टोअरमधून दाखवलं, मी जरा युरोपातून दाखवते. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी पोरांना एकच प्रसंग देते: १९५६ चा सुएझ.

इजिप्तच्या नासरनं सुएझ कालवा राष्ट्रीय केला. ब्रिटन आणि फ्रान्सनं इस्रायलला सोबत घेऊन हल्ला केला, आणि अमेरिकेनं, म्हणजे त्यांच्याच सगळ्यात मोठ्या दोस्तानं, त्यांचे कान पिळले. पौंड घसरत होता, आणि माघार घेतल्याशिवाय नाणेनिधीचं कर्ज मिळणार नाही असं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी बघितलं. दोघांना गुमान परतावं लागलं. ब्रिटनचे ईडन जानेवारी १९५७ ला पंतप्रधानपदावरून गेले.

अपमान एकच. पण दोघांनी काढलेला अर्थ बघा. ब्रिटननं ठरवलं की यापुढं अमेरिकेच्या इतकं जवळ राहायचं की तिनं आपल्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. १९६२ ला त्यांनी पाणबुडीवरची पोलारिस क्षेपणास्त्रंसुद्धा अमेरिकेकडून घ्यायचं ठरवलं. फ्रान्सनं उलटं ठरवलं. १३ फेब्रुवारी १९६० ला सहारात स्वतःचा अणुस्फोट केला, आणि १९६६ ला त्यांचे अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं. अमेरिकन सैनिकांना म्हणाले, निघा. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलवावं लागलं. पण, आणि इथंच पोरं पेपरात चुकतात, फ्रान्सनं नाटो सोडलीच नाही. करार कायम, खुर्ची कायम, फक्त आपल्या फौजेची दोरी दुसऱ्याच्या हातात ठेवली नाही. २००९ ला परत आत आले, तरीही अण्वस्त्रांच्या नियोजन गटात आजही बसत नाहीत.

आज सगळे म्हणतात द गॉल दूरदृष्टीचे. मला ते निम्मंच पटतं. मध्ये पश्चिम जर्मनीत अमेरिकेच्या फौजा बसलेल्या होत्या म्हणून पॅरिसला रुसणं परवडलं. पॅरिसच्या जागी बॉन, म्हणजे पश्चिम जर्मनीची राजधानी, असतं तर रुसता आलं असतं का? जर्मनीला स्वतःच्या बळाकडं बघायला २०२२ उजाडावं लागलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर फौजेसाठी १०० अब्ज युरोंचा वेगळा निधी, आणि मार्च २०२५ ला तर संरक्षणखर्चासाठी राज्यघटनेतली कर्जाची मर्यादाच सैल केली. जर्मन माणसाला कर्ज या गोष्टीची किती भीती आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा बदल केवढा मोठा ते कळेल. त्याच महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन म्हणाले की फ्रान्सची अण्वस्त्रं युरोपातल्या मित्रांच्या रक्षणासाठी वापरता येतील का यावर चर्चा करू. १९६० मध्ये ज्या बॉम्बला सगळे ‘द गॉलचा हट्ट’ म्हणत, त्याकडं आता शेजारी आशेनं बघतायत.

पोलंड आणखी वेगळा. अमेरिकेवर त्यांच्याइतका जीव टाकणारा देश युरोपात सापडायचा नाही, तरी २०२२ ला त्यांनी रणगाड्यांची मोठी ऑर्डर दक्षिण कोरियाला दिली. कारण साधं, कोरियावाले लवकर देत होते. पहिले रणगाडे त्याच डिसेंबरात पोहोचलेसुद्धा.

सोयाबीन_कारंजा

मॅडम, जपानचं मी सांगतो, कारण ते आमच्या पिकाचं आहे.

आमची इकडं शेतकरी कंपनी आहे, सोयाबीन चाळून-निवडून विकतो. भाव पडला की गावातले लोक विचारतात, ‘हा ब्राझील आला कुठून?’ ब्राझीलमध्ये एवढं सोयाबीन वाढण्यात एका रुसलेल्या मित्राचा हात आहे हे फार जणांना माहीत नसते.

१९७२-७३ ला पेरूच्या समुद्रातली अँचोव्ही मासळी गेली. ती जनावरांच्या खाद्यात जायची, तर सगळं जग सोयाबीनच्या पेंडीवर तुटून पडलं. अमेरिकेत भाव भडकले. २७ जून १९७३ ला निक्सन सरकारनं सोयाबीनची निर्यातच बंद केली. जपान ९० टक्क्यांहून जास्त सोयाबीन अमेरिकेतून आणायचा. तिथं सोयाबीन म्हणजे आपल्यासारखं फक्त तेल अन् ढेप नाही. टोफू, मिसो, सोया सॉस, रोजच्या ताटातली गोष्ट. बंदी काही महिन्यांतच उठली. पण दोन वर्षांपूर्वीच निक्सननी चीनला जाणार असं जाहीर केलं होतं, तेही जपानला ऐनवेळी कळवून. लागोपाठ दुसरा दणका.

जपाननं काय केलं? करार मोडला? तळ काढून टाका म्हटलं? काही नाही. १९७४ ला त्यांचे पंतप्रधान तनाका ब्राझीलला गेले. १९७९ पासून जपानच्या पैशानं सेराडो नावाच्या माळरानावर शेती उभी करायचा कार्यक्रम सुरू झाला. ती जमीन आम्लधर्मी, काही पिकत नव्हतं. चुना टाकला, एम्ब्रापा नावाच्या त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेनं तिकडच्या उष्ण हवेला चालतील अशा जाती काढल्या. आज ब्राझील जगात पहिला. आणि जपान? अजूनही अमेरिकेचा दोस्त, सोयाबीनही बरंचसं अमेरिकेचंच घेतो! पण परत कोणी बंदीची धमकी दिली तर टोकियोत धावपळ होणार नाही.

गंमत पुढं आहे. त्याच ब्राझीलच्या जोरावर यंदा चीननं अमेरिकेचं सोयाबीन कित्येक महिने घेतलंच नाही. ३० ऑक्टोबरला कोरियात ट्रम्प आणि शी भेटले तेव्हा कुठं खरेदीचं बोलणं झालं. जपाननं स्वतःच्या सोयीसाठी जे केलं त्याचा फायदा अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला झाला. बाजारात भाव मागायला गेलो की हा सगळा इतिहास माझ्या पोत्यावर बसलेला असते.

कपाशीवाला_राळेगाव

बापरे, हे सगळं अभ्यासिकेत वाचून दाखवलं. पोट्टे गप्प.

पण काका, एक अडलं. तुमच्या हिशेबानं आपण रशियापासून हळूहळू सुटत चाललो. मग २०२२ नंतर त्यांचं तेल एवढं कसं वाढलं? हे तर जवळ जाणं झालं ना?

धानवाला_आमगाव

मस्त पकडलंस. पण तेलाला गोस्ट नसते रे.

रिफायनरीवाल्याला कच्चं तेल बदलायचं तर काही आठवड्यांत बदलता येते. युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्याही आत होता. युरोपनं घेणं कमी केलं, रशियानं भाव पाडला, आपण उचललं आणि वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. हे गिऱ्हाईकपण झालं. यंदा ऑक्टोबरात अमेरिकेनं रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध लावले तर आपल्या कंपन्या लगेच दुसरीकडं चौकशा करू लागल्या. जितक्या लवकर आलं तितक्याच लवकर जाऊ शकते.

शस्त्रांचं उलटं. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचे आकडे आहेत: आपल्या शस्त्र-आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ ला ७२ टक्के, २०१५-१९ ला ५५, २०२०-२४ ला ३६. दर पाच वर्षांनी उतरला. मध्ये कोणी रशियाशी भांडलं? ब्रह्मोस चालू, हवाई संरक्षणाच्या एस-४०० क्षेपणास्त्रांचा करार तर २०१८ चाच. फ्रान्सकडून राफेल आलं, अमेरिकेकडून वाहतुकीची विमानं आली, काही इथंच बनलं. माझ्या स्टोअरमधल्यासारखं, जुनं झिजत गेलं आणि त्या रॅकवर दुसऱ्याचं खोकं आलं. तेल वर चढलं, शस्त्रं खाली उतरली, दोन्ही एकाच वेळी. बातम्यांत तेल दिसते कारण ते रोज बदलते.

दोस्ती किती गुंतलेली असते ते बघायचं तर तुशिल आणि तमाल या दोन युद्धनौका बघ. रशियाच्या कॅलिनिनग्राडला बांधल्या, पण त्यांची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची, मिकोलाइवच्या कारखान्याची. २०१४ नंतर युक्रेननं रशियाला इंजिन देणं बंद केलं. मग भारतानं युक्रेनकडून इंजिनं विकत घेतली आणि रशियाला नेऊन दिली, की घ्या, बसवा. तुशिल ९ डिसेंबर २०२४ ला नौदलात आली, तमाल १ जुलै २०२५ ला. तोवर ते दोघं एकमेकांची शहरं जाळत होते. मूर्तिजापूरच्या भाऊंनी हे कोणत्या खात्यात घालायचं ते सांगावं, पैशाच्या की दोस्तीच्या?

आणि उचल आता उलटी फिरली आहे. २०२४-२५ ला दोन्ही देशांचा व्यापार सुमारे ६८ अब्ज डॉलर, त्यात आपला माल गेला ५ अब्जांच्या आत. म्हणजे ते विकतात, आपण घेतो, आणि त्यांच्याकडं रुपये साचतात. मे २०२३ ला रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात उघडच म्हणाले की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. तेव्हा आपल्याला फेडायची अडचण होती, आता त्यांना मिळालेलं खर्चायची अडचण आहे. परवाच्या भेटीत २०३० पर्यंत १०० अब्जांचं लक्ष्य परत सांगितलं. मी आधी हे विचारीन, की आपण त्यांना विकणार काय?

मास्तरीण_हिंगणघाट

काकांनी एस-४०० म्हटलं म्हणून जोडते. तेच क्षेपणास्त्र तुर्कस्ताननं घेतलं, जुलै २०१९ ला मिळालं. तुर्कस्तान नाटोचा १९५२ पासूनचा सदस्य. अमेरिकेनं त्याला एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून काढलं आणि डिसेंबर २०२० ला निर्बंध लावले. भारत कोणत्याच गटाचा नाही, त्याच्यावर लावले नाहीत. घरच्या माणसानं केलेलं जास्त लागतं. पोरांनो, ‘युतीत राहिलं की सवलत मिळते’ असं उत्तर लिहिलंत तर मी गुण कापते.

तिखट_मूर्तिजापूर

काका, जहाजाचं मानलं. पण दोन्हीकडं पैसे आपणच भरले नं? मग झालंच की माझं खरं 😄

सोयाबीन_कारंजा

राळेगावच्या भाऊंच्या कापसाचं कोणी बोललंच नाही.

तार अशी येते. भारतीय तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ५० टक्के लागल्यावर तिकडच्या खरेदीदारानं सांगितलं, भाव कमी करा नाही तर बांगलादेश, व्हिएतनामला जातो. कपडेवाल्यांनी सूतगिरण्यांना म्हटलं सूत स्वस्त द्या, गिरण्यांनी दिल्लीला म्हटलं रुई स्वस्त करा. ११ टक्के शुल्क उठलं. बाहेरच्या गाठी बंदरावर उतरू लागल्या आणि जिनिंगवाला तुम्हाला म्हणते, ‘घे तं घे, नाही तं ठेव घरी.’ शिवाय अमेरिका स्वतः कापूस विकणारा देश, म्हणजे शुल्क उठवणं हा तिच्याकडं टाकलेला नरमाईचा शब्दही झाला. तेल मॉस्कोचं, टॅरिफ वॉशिंग्टनचं, आणि ११ टक्क्यांची चटणी आपल्या भाकरीवर.

धानवाला_आमगाव

कारंजाच्या भाऊंनी नेमकं सांगितलं. त्याला जोडून जपानचंच, पण तांदळाचं, कारण मी धानवाला.

यंदा जुलैत अमेरिका आणि जपानचा सौदा झाला. टॅरिफ १५ टक्क्यांवर आलं, जपाननं ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं कबूल केलं, आणि अमेरिकेचा तांदूळ ७५ टक्के जास्त घेतो म्हणाला. ऐकायला भयंकर वाटते. पण जपान जागतिक व्यापार कराराखाली दरवर्षी सुमारे ७ लाख ७० हजार टन तांदूळ बिनशुल्क आणतोच. वाढीव अमेरिकन तांदूळ त्याच ७ लाख ७० हजारांत बसवायचा, कोटा एक टनानंही वाढवला नाही. कमी झाला तो दुसऱ्या देशांचा वाटा. ट्रम्पना आकडा मिळाला, जपानी धानवाल्याच्या बांधाला हात लागला नाही.

आपल्यालाही तसं करता आलं असतं. इतक्या लाख गाठी बिनशुल्क, त्याही वेचणी सुरू व्हायच्या आधी, पुढं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ठेवलं असतं तर गिरण्यांचं भागलं असतं आणि तुमच्याकडं कापूस यायचाच होता. ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं तिथं माझं भांडण आहे. वाकावं लागते, लहान गिऱ्हाइकाला वाकावंच लागते, पण कोणाच्या पाठीनं वाकायचं हे राजधानीत ठरते. टोकियोत जपानी शेतकऱ्याचा माणूस बसलेला असते. दिल्लीत आपला?

कपाशीवाला_राळेगाव

काका, हेच घेऊन अभ्यासिकेत बोलतो रविवारी. सात लाख सत्तर हजारांचं मी वहीत लिहून घेतलं. बाबा विचारतात, कापूस आता काढू की १ जानेवारीची वाट पाहू?

सोयाबीन_कारंजा

शुल्क परत लागेल का हे आज कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, त्या भरवशावर सगळा माल ठेवू नका. ॲपवर नोंदणी झाली असेल तर हमीभावाच्या केंद्राचा स्लॉट घ्या. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर कापत जातात, १२ च्या वर घेतच नाहीत. सध्या सकाळी दव पडते, म्हणून दुपारी उन्हात पसरवून संध्याकाळच्या आत भरा, आणि पावसात भिजलेल्या पहिल्या वेचणीचा कापूस चांगल्यात मिसळू नका. तो वेगळा, खासगीत द्या.

कपाशीवाला_राळेगाव

पहिली वेचणी वेगळ्याच खोलीत आहे. उद्या दुपारी पसरवतो.